कुणी धरलं होतं, तेही सांग

सास्तूर, ता. लोहारा
२० फेब्रुवारी २०२५

बब्रू,

पत्राच्या डोक्यावर ‘प्रभूच्या नावानं सलाम’ लिहायची आपल्या घरची रीत आहे. ती मी आज मोडते आहे. मनात सलाम नसताना कागदावर कशाला लिहू? आणि तुला पास्टर बार्नबास म्हणायचंही माझ्या जिवावर येतं. पुण्यातल्या पोस्टरवर तू कुणीही अस. आईनं तुझं नाव बब्रुवान ठेवलं आणि आपल्या मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या वहीत अजून तेच आहे.

आई पडली. मंगळवारी, ११ तारखेला, सकाळी साडेदहाच्या सुमारास. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला नेलं, गुरुवारी ऑपरेशन झालं, काल घरी आणलं. अर्धांगानं उजवं अंग आधीच गेलेलं, आता त्याच अंगाला खुब्यात लोखंडी गोळा बसवलाय.

हे सांगायला मी तुला किती वेळा फोन लावला ते तुझ्या फोनमध्ये दिसेल. दर वेळी दुसरंच कुणीतरी उचलतं आणि ‘पास्टर प्रार्थनेत आहेत’ म्हणतं. शेवटी तुझा निरोप आला. जोडलेले दोन हात आणि ‘विश्वास धरा, अक्का’. म्हणून कागद घेतला. कागद तरी तुझ्याच हातात पडेल, फाडायचा असला तरी तुलाच फाडावा लागेल.

मी तेव्हा अंगणवाडीत होते. पोरांची वजनं घ्यायचा दिवस होता. शिवम्मानं आईला पाहिलं आणि मला बोलावणं पाठवलं. शिवम्मा तुला आठवत असेलच, शेजारची. भूकंपात आईनं जिला ढिगाऱ्यातून ओढून काढलं होतं, ती. सोलापुरात आठ दिवस तीच माझ्याबरोबर होती. कपाळाला विभूती लावून आईच्या उशाशी बसायची. नर्सबाईला वाटलं, ही पेशंटची सख्खी बहीण. मीही ‘नाही’ म्हणाले नाही.

तू ऑक्टोबरात एक दिवस आलास. आईच्या कपाळाला तेल लावलंस, फोटो काढलास आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलास. त्यानंतर चार महिन्यांत आईनं एकदाही एकटीनं पाय खाली सोडला नव्हता. मग त्या दिवशी का उठली, हे काही केल्या ती सांगत नाही. विचारलं की भिंतीकडं तोंड करते.

तू ये. पैसे पाठवू नकोस, तू ये.

सत्त्वशीला


६ मार्च २०२५

बब्रू,

कळलं आई का उठली ते.

काल राखेचा बुधवार. उपासनेहून परत आले तर आई फोन कानाला लावून पडली होती. तिला तो फोन मीच घेऊन दिलाय, तुझी प्रवचनं ऐकायला. मी काढून घेतला आणि पाहिलं. ९ फेब्रुवारीचा रविवार. तू निळा कोट घालून उभा आहेस, मागं दिवे, पुढं हजारभर माणूस. आणि तू सांगतो आहेस की तुझी आई मराठवाड्यातल्या एका खेड्यात चार महिने अंथरुणाला खिळली होती, तू इथून हात उचलून प्रार्थना केलीस आणि ती उठली. चालत अंगणात आली. स्वतःच्या हातानं चहा केला. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, एक बाई रडते. तुझे डोळेही पाण्यानं भरलेले.

चहा, बब्रू. ती बाई उजव्या हातानं वाटीसुद्धा धरू शकत नव्हती रे तेव्हा.

मी आईसमोर फोन धरला आणि विचारलं, हे तू पडायच्या आधी ऐकलं होतंस का. मग तिच्या त्या अडखळत्या जिभेनं म्हणाली, “लेकरू एवढ्या मानसांपुढं बोललंय, सत्त्वा. म्या पडून ऱ्हायले तर ते खोटं पडंल. म्हनून उठले.”

तू रविवारी बोललास. मंगळवारी ती उठली. मधला सोमवार तिनं काय विचार करत काढला असेल, हे मला आता रोज चुलीपुढं बसलं की सुचतं आणि माझ्या हातून भाकरी करपते.

लहानपणी तू पाटी फोडून घरी यायचास आणि ती गुरुजींना सांगायची, माझ्या हातून पडली. तेव्हापासून तुझं प्रत्येक खोटं तीच खरं करत आली आहे. पण तेव्हा पाटी होती. आता तिचं हाड आहे.

अजून वाईट पुढं आहे. तिनं सोडलेलं नाही. ईस्टरला बब्रू येणार, तवर म्या उभी ऱ्हानार, असं म्हणते. मी अंगणवाडीत गेले की ती काय करेल याची मला धास्ती आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, आता एकटी उठली आणि पुन्हा पडली तर काही करता येणार नाही. मी समजावलं, शिवम्मानं समजावलं, पाळकसाहेब दोनदा येऊन गेले. ऐकत नाही. तुझंच ऐकेल. तुला एवढंच करायचं आहे. तिला फोन लाव आणि म्हण, आई, उठू नकोस, मी खोटं बोललो. सहा शब्द आहेत. तू रविवारी दोन-दोन तास बोलतोस.

सत्त्वशीला


२४ मार्च २०२५

बब्रू,

तुझं उत्तर पोचलं. तुझ्या मंडळीच्या छापील कागदावर, वर सोनेरी कबुतर. तू लिहितोस की ते खोटं नव्हतं, ती ‘विश्वासाची घोषणा’ होती. जे व्हायचं आहे ते झालं असं आधीच बोलायचं, मग देव ते पुरं करतो. आणि आई बरी होत नसेल तर घरातल्या कुणाच्या तरी अविश्वासानं आशीर्वाद अडलाय, मी अंतःकरण तपासावं.

तपासलं. त्यात राग सापडला. तो तुला पाठवते आहे.

माझ्या विश्वासाचं माप तू काढू नकोस. माझा नवरा दोन दिवसांच्या तापात गेला तेव्हा माझी श्रिया तीन वर्षांची होती. मी देवाला काय काय बोलले आहे ते तुझ्या सोनेरी कबुतराच्या कानावर घालण्यासारखं नाही. चर्चच्या मागं उभी राहून भांडायचे. पाळकसाहेबांनी एकदा ऐकलं. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, भांडत राहा, पण त्याच्याशीच भांड, पाठ फिरवू नकोस. तेवढ्यावर मी एवढी वर्षं काढली. श्रिया आता लातूरला नर्सिंग शिकते आहे. मला देवानं उचलून कुठं नेलं नाही. पण सकाळी उठलं की पाय जमिनीला लागतात, आणि ते त्याच्यामुळं लागतात एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

आणि हे मी कुणाकडून शिकले? भूकंपानंतरच्या पहिल्या रविवारची तुला आठवण नसेल, तू सहा वर्षांचा होतास. मी नऊची. दादांना, आपल्या बापाला, मातीत ठेवून तीन दिवस झाले होते. चर्चची भिंत पडलेली. आईनं तुला काखेला मारलं, मला हाताला धरलं आणि पत्र्याच्या शेडखाली जाऊन बसली. तिथं सगळे रडत होते. कुणीतरी विचारलं, कडूबाई, आता कशाची उपासना करायची? ती म्हणाली, “रडायचंच हाय तर हितं बसून रडू की.” घोषणा वगैरे काही केली नाही तिनं. दादा उठले असं ती म्हणाली नाही. ते मेले होते आणि ती मेले म्हणाली, आणि तरीही बसली. मला देव दिसला असेल तर तेवढाच दिसलाय.

तू त्या बाईला चहा करायला लावलास.

आता इथलं ऐक. रोज सकाळी आणि संध्याकाळी आईला पलंगावरून खुर्चीत घ्यावं लागतं. मी उजवीकडून, शिवम्मा डावीकडून. काखेत एक हात, कमरेला एक हात, आणि शिवम्मा कानडीत मोजते, ओंदु, एरडु, मूरु. मूरुला उचलायचं. आईलाही आता कानडी आकडे आलेत. शुक्रवारी मी दारातून आत आले तर तिचा डावा पाय जमिनीला टेकलेला आणि डाव्या हातात पलंगाची कड गच्च धरलेली. मला पाहून पाय वर घेतला आणि झोपेचं सोंग केलं.

आणखी एक. आपल्याकडं उत्तम शुक्रवारी येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांना बोलायला वाटून देतात, तुला माहीत आहे. तू चौदाव्या वर्षी सातवा बोलला होतास आणि आईनं गावभर सांगितलं होतं. काल उपासनेनंतर चिठ्ठ्या काढल्या. मला तिसरा आला. मरता मरता येशू आपल्या आईला शिष्याच्या हवाली करतो, तो.

मी पाळकसाहेबांना म्हटलं, बदलून द्या. ते म्हणाले, चिठ्ठी आहे, बदलत नाहीत. मग मी ठरवलं. बरं झालं आला. तुझं नाव घेऊन बोलणार आहे. तू हजार माणसांपुढं बोललास, मी चौदा घरांपुढं बोलेन. त्याआधी आईला फोन करायचा असेल तर कर.

सत्त्वशीला


१९ एप्रिल २०२५

बब्रू,

तू फोन केला नाहीस. काल उत्तम शुक्रवार झाला. काय झालं ते सांगते. त्यात माझंही एक सांगायचं आहे, ते शेवटी सांगेन, कारण आधी सांगितलं तर तू तेवढंच वाचशील.

आईला खुर्चीसकट चौघांनी उचलून नेलं. शिवम्मा बरोबर आली आणि खाली चटईवर, आईच्या पायाशी बसली. बारा वाजता सुरू झालं. पत्रा असा तापला होता की पहिल्या दोघांनी लवकर आवरलं. मग मी उभी राहिले.

मी सुरुवात अशी केली की येशूला भाऊ होते. चौघांची नावं शास्त्रात लिहिलेली आहेत. त्या दिवशी त्या टेकडीवर त्यांतला एकही नव्हता, म्हणून त्याला आपली आई परक्याच्या हवाली करावी लागली. सगळ्यांनी तुझा व्हिडिओ पाहिलेला आहे, बब्रू. सगळ्यांना कळलं मी कुठं चालले आहे. पुढचं वाक्य मी महिनाभर घोकलेलं होतं आणि त्यात तुझं नाव होतं.

तेवढ्यात माझी नजर आईकडं गेली. तिनं डाव्या हातानं खुर्चीचा दांडा धरला होता. डावं पाऊल खुर्चीखाली ओढून घेतलं होतं. पलंगावर चोरून करायची तसंच. मी तुला खोटा म्हणणार आणि ती तिथं सगळ्यांसमोर उठून तुला खरा पाडणार. ती माझ्याकडं बघतही नव्हती. समोर बघत होती, दम धरून.

मी ते वाक्य गिळलं. तुझ्यासाठी नाही, हे नीट समजून घे. मग सुचेल तसं बोलले. म्हटलं, त्यानं आईला काहीच करायला सांगितलं नाही. रडू नको म्हणाला नाही, विश्वास वाढव म्हणाला नाही, मला खरं करून दाखव म्हणाला नाही. तिला कोण सांभाळणार, एवढंच बघितलं. आईनं काही करायचं नव्हतं. तिला फक्त सांभाळून घ्यायचं होतं.

आई खुर्चीतून म्हणाली, “मरिया उभी व्हती की.”

जीभ जड असली तरी सगळ्यांना ऐकू गेलं. आणि खरंच आहे ते. वधस्तंभाजवळ त्याची आई उभी होती असंच लिहिलंय. आईला अख्खं शुभवर्तमान पाठ, तिच्यापुढं मी काय बोलणार? ती पुन्हा म्हणाली, मरिया उभी ऱ्हायली, म्या बी ऱ्हाते, आणि दांडा आवळला.

तेव्हा चटईवरून शिवम्मा बोलली. तिनं आयुष्यात आपलं शास्त्र वाचलेलं नाही. “उभी असंल, यव्वा,” ती म्हणाली. “पन तिला कुणीतरी धरलं असंल की. पोटच्या लेकराचं असलं बघून कोन आपल्या पायावर उभं ऱ्हातंय?”

तिथं मरियेची बहीण होती, आणखी बायका होत्या, हेही लिहिलेलं आहे. मी शंभर वेळा वाचलंय. त्या तिथं कशाला उभ्या होत्या याचा मी कधी विचारच केला नव्हता. आईनं शिवम्माकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि दांडा सोडला.

मी जाऊन बसले. का ते आता सांगते.

मी अंगणवाडीत नव्हते. ११ तारखेला साडेदहाला मी घरीच होते, मागच्या अंगणात, धुणं धूत होते. आईनं हाक मारली. ‘सत्त्वा, ये गं.’ मी ऐकलं. त्या सकाळी तिनं मला सात-आठ वेळा उठवलं होतं, पाणी, उशी, पंखा. मी चिडलेली होते. मनात म्हटलं, थांब थोडी. तिनं पुन्हा हाक मारली. मी साडी पिळत राहिले. मग आवाज आला.

ती एकटीनं उठणार नव्हती, बब्रू. तिनं धरायला बोलावलं होतं. दोनदा.

वजनं घेतली ती पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या सेविकेनं. पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं आणि दुसऱ्या पत्रात तुला खोटारडा म्हटलं. तुझं खोटं मोठं आहे आणि माझं लहान, असं मी दोन महिने स्वतःला सांगत होते. तुझ्यावरचा राग खरा आहे, त्यातला एक दाणाही मी कमी करणार नाही. पण त्याच्याआड मी लपले होते. काल शिवम्मा बोलली आणि लपायला जागा उरली नाही. रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “ऐकलं व्हतंस, म्हाईत हाय मला. बादलीचा आवाज थांबला व्हता.” एवढंच. आणि माझा हात आपल्या गालाखाली घेऊन झोपली.

म्हणजे तिला तेव्हापासून माहीत होतं, आणि तिनं माझंही झाकून ठेवलं होतं. तुझंच फक्त झाकते असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

सत्त्वशीला


२१ एप्रिल २०२५

प्रिय बब्रू,

प्रभूच्या नावानं सलाम.

ही साक्ष आहे. नीट वाच, कारण तू ती सांगणारच, आणि अर्धी सांगू नयेस म्हणून लिहिते.

काल ईस्टरची पहाट. शनिवारी बायकांनी कबरस्तान झाडून कबरींना चुना दिला होता. फटफटायला लागलं तेव्हा आईची खुर्ची दादांच्या कबरीपाशी ठेवली. तू येशील म्हणून तिनं दोनदा रस्त्याकडं पाहिलं. मेणबत्त्या लागल्या, पाळकसाहेबांनी शास्त्र उघडलं, आणि आई म्हणाली, “धरा गं.”

डॉक्टरांनी दोघींनी धरून मिनिटभर उभं करायला परवानगी दिली आहे. त्यांना विचारून घेतलं होतं. मी उजवीकडून, शिवम्मा डावीकडून. काखेत हात, कमरेला हात. शिवम्मानं मोजलं. मूरुला आई उठली.

उभी राहिली, बब्रू. अख्खं वजन आमच्या दोघींच्या खांद्यावर होतं, डावा गुडघा लटलट कापत होता, उजवा पाय नुसता टेकला होता. पण उभी होती. पाळकसाहेब रिकाम्या थडग्याचं वाचत होते. वाचता वाचता त्यांनी पाहिलं की मागून खुर्ची धरायला कुणी नाही, तर शास्त्र मिटून काखेत मारलं आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरून उभे राहिले. उरलेलं त्यांनी पाठ म्हटलं. तेवढा वेळ आई उभी होती. मग म्हणाली, बास, बसवा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शिवम्मानं पदरानं तिचा घाम पुसला. मी रडत होते आणि रागातही होते, दोन्ही एकदमच चालू होतं. देवानं मला दोन्हीसकट घेतलंय, त्याला काही अडचण दिसली नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली, बब्रूला कळव. म्हणून कळवते आहे. आता ती धरल्याशिवाय उठत नाही. उठायचं असलं की हाक मारते आणि मी पहिल्या हाकेला जाते, हातातलं धुणं तसंच टाकून. तुझ्या फोनची आता त्यासाठी गरज उरलेली नाही. तरी ती फोन उशाशीच ठेवते, आवाज मोठा करून.

हे तीन माणसांचं काम आहे. दोघी धरायला आहेत. मागं खुर्ची धरायला पाळकसाहेब रोज येऊ शकत नाहीत, त्यांचं वय झालंय. ती जागा तुझी आहे. येताना निळा कोट आणू नकोस, जुने कपडे आण. कानडी आकडे शिवम्मा शिकवेल.

आणि येत्या रविवारी तुझ्या त्या दिव्यांपुढं आई उभी राहिली म्हणून सांगायचं असेल तर खुशाल सांग, आता ते खरं आहे. पण सगळं सांग. कुणी धरलं होतं, तेही सांग. आणि कोण नव्हतं, तेही.

तुझी अक्का,
सत्त्वशीला